गर्लफ्रेंडच्या घरामागं जुनी गाडी कापणाऱ्या पोरानं जगाला सस्पेन्शन शिकवलं

गाडी वळणावर लोळते. मागचा भाग झोका खातो. खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग हातातनं ओढलं जातं. अशी तक्रार केली की बऱ्याचदा दोनच सल्ले मिळतात. एक तर हजारो रुपयांचं किट टाका, नाहीतर स्प्रिंगचे दोन वेढे कापून गाडी खाली बसवा. पहिला सल्ला परवडत नाही आणि दुसरा जिवावर बेततो.

पण या दोन्हीच्या मधून जाणारा एक रस्ता आहे. गाडीखाली जाऊन चाक नेमकं कसं हलतंय ते बघायचं, चूक कुठं आहे ते शोधायचं आणि भंगारातल्या भागांनी का होईना, तेवढीच चूक सुधारायची. हा रस्ता ज्या माणसानं पार वर्ल्ड चॅम्पियनशिपपर्यंत नेला, त्याचं नाव कॉलिन चॅपमन. लोटस या कंपनीचा मालक. ही गोष्ट त्याची. आणि हा रस्ता कुठं संपवून थांबायचं हे त्याला नेहमी कळलं का, याचीही.

कॉलिन चॅपमन जन्मला 19 मे 1928 ला, इंग्लंडमधल्या रिचमंडला. वाढला उत्तर लंडनच्या हॉर्नसी भागात. वडील तिथं रेल्वे हॉटेल नावाचा पब चालवायचे. घरची परिस्थिती खाऊनपिऊन सुखी, पण रेसिंगच्या गाड्या पाळाव्यात अशी नाही. पोरगं शिकायला गेलं युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये, आणि विषय घेतला स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग. म्हणजे पूल आणि इमारती कशा उभ्या राहतात, कुठल्या दांड्यावर किती जोर येतो, कुठला दांडा काढला तरी चालतो याचा अभ्यास. सोबत युनिव्हर्सिटीच्या हवाई पथकात जाऊन विमान चालवायलाही शिकला.

पुढं त्यानं जे काही केलं त्याची सगळी बीजं या दोन गोष्टींत आहेत. विमान बनवताना फुकटचं वजन कुणी घालत नाही आणि पूल बांधताना जोर कुठून कुठं जातो हे आधी कागदावर काढतात. गाड्या बनवणारे बहुतेक लोक तेव्हा असा विचारच करत नव्हते.

कॉलेजात असतानाच चॅपमननं एका मित्रासोबत जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा जोडधंदा सुरू केला. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, नव्या गाड्या मिळत नव्हत्या, त्यामुळं जुन्याला भाव होता. धंदा बरा चालला होता. पण 1947 च्या शेवटी सरकारनं खासगी गाड्यांना मिळणारं पेट्रोलचं रेशन बंद केलं. पेट्रोलच नाही म्हटल्यावर गाडी कोण घेणार? बाजार एका फटक्यात बसला. कमावलेलं सगळं घालवून चॅपमननं माल काढला, तरी एक गाडी उरलीच. जुनी ऑस्टिन सेव्हन.

ही ऑस्टिन सेव्हन म्हणजे इंग्लंडमधल्या मध्यमवर्गाची गाडी. 1922 ला आली, 1939 पर्यंत चालली, आणि तोवर जवळपास 2 लाख 90 हजार विकल्या गेल्या. 747 सीसीचं इंजिन, हलकी चासी, भाग कुठंही मिळायचे. त्यामुळं युद्धानंतर रेसिंगची हौस असलेल्या पण खिसा रिकामा असलेल्या पोरांसाठी ही गाडी म्हणजे हक्काचा कच्चा माल होती.

एकच अडचण होती. ऑस्टिन सेव्हन वळायला वाईट होती.

का, ते समजून घेऊ. पुढची दोन्ही चाकं एकाच सलग अ‍ॅक्सलला जोडलेली आणि त्यावर आडवा एक पाटा. ट्रकखाली दिसतात तसले पाटे, फक्त छोटे. आता डावं चाक खड्ड्यात गेलं की अ‍ॅक्सल तिरका होतो आणि काही कारण नसताना उजवं चाकही कलतं. म्हणजे एका चाकाचा त्रास दुसऱ्यानं भोगायचा. मागं दोन बाजूंना दोन अर्धवट पाटे होते, ते कमानीसारखे वाकलेले. गाडी वळणावर एका बाजूला झुकली की एका बाजूचा पाटा दबायचा, दुसरा उघडायचा, आणि त्या हालचालीत मागचा अख्खा अ‍ॅक्सल थोडा फिरायचा. ड्रायव्हरनं स्टिअरिंग जेवढं वळवलं त्यापेक्षा गाडी जास्त वळायची, कारण मागची चाकंही आपल्या मर्जीनं वळत होती.

ही दुखणी सेव्हनवाल्यांना माहीत होती आणि त्यावरची घरगुती औषधंही होती. मागचे पाटे सपाट करून घ्यायचे, म्हणजे गाडी झुकली तरी अ‍ॅक्सल फारसा फिरत नाही. खर्च जवळपास शून्य. पुढच्या बाजूला याहून धाडसी उपाय होता. लेस्ली बॅलामी नावाच्या इंजिनीअरनं 1930 च्या दशकातच तो लोकप्रिय केला होता. सलग अ‍ॅक्सल सरळ मधोमध कापायचा आणि दोन्ही तुकडे मध्यभागी बिजागरीसारखे टांगायचे. झालं, दोन्ही चाकं स्वतंत्र. डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्याला पत्ताही नाही. भंगारातला फोर्डचा अ‍ॅक्सल, एक करवत, थोडं वेल्डिंग आणि दोन बुश, एवढ्यात काम.

चॅपमनच्या हाती हेच ज्ञान लागलं. पण त्याच्याकडं जागा नव्हती. ती दिली हेझल विल्यम्सनं. ही त्याची मैत्रीण, पुढं 1954 ला बायको झाली. मझवेल हिलला तिच्या आईवडलांच्या घरामागं एक गॅरेज होतं. तिथं 1948 मध्ये त्या न विकलेल्या ऑस्टिनची बॉडी उतरवली गेली आणि तिच्या जागी अ‍ॅल्युमिनियम चिकटवलेल्या प्लायवूडची नवीन बॉडी आली. विमानाच्या धर्तीवर, हलकी आणि तरी ताठ. हेझलही सोबत हात काळे करायची. या गाडीला नाव मिळालं लोटस. हेच नाव का, यावर आजही वेगवेगळ्या कहाण्या सांगतात, खरं उत्तर चॅपमन सोबत घेऊन गेला.

मधल्या काळात गणिताच्या पेपरमुळं अडकलेली डिग्री पदरात पडली, काही काळ हवाई दलात काढला आणि मग ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियम कंपनीत नोकरी लागली. दिवसा नोकरी, रात्री गॅरेज.

त्याच वेळी 750 मोटर क्लब नावाची हौशी लोकांची एक संघटना ऑस्टिन सेव्हनच्या भागांवर बनवलेल्या गाड्यांची रेस भरवत होती. हेतू साधा होता, गरिबाला रेस करता यावी. चॅपमननं या रेससाठी तिसरी गाडी बनवली, लोटस मार्क थ्री. पुढं मधोमध कापलेला अ‍ॅक्सल, हलकी बॉडी, आणि इंजिनमध्ये हवा जाण्याच्या रस्त्यात केलेली एक करामत. 1951 च्या हंगामात या गाडीनं बाकीच्यांना दिसूच दिलं नाही. इतकं की इंजिनची ती करामत चालणार नाही म्हणून क्लबला नियम बदलावा लागला.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अ‍ॅक्सल कापायची युक्ती चॅपमनची नव्हती. पाटे सपाट करायचीही नव्हती. मग तो जिंकला कसा? कारण बाकीचे एकेक युक्ती सुटी सुटी लावत होते आणि हा गाडीकडं एक सलग रचना म्हणून बघत होता. सस्पेन्शन कितीही भारी असलं तरी ते ज्या चासीला बोल्ट केलंय ती चासीच पिळवटत असेल तर उपयोग काय? आधी चासी ताठ करा, मग स्प्रिंग मऊ ठेवता येते, आणि मऊ स्प्रिंग असली की चाक रस्ता सोडत नाही. हा क्रम त्याला कळला होता.

1 जानेवारी 1952 ला लोटस इंजिनीअरिंग कंपनी सुरू झाली. भांडवल हेझलकडून उसने घेतलेले 25 पौंड आणि जागा वडलांच्या पबमागचा जुना तबेला. तिथून बाहेर पडली मार्क सिक्स. पातळ नळ्यांची जाळीसारखी चासी, आणि पुढं पुन्हा तोच कापलेला फोर्डचा अ‍ॅक्सल, फक्त आता पाट्याऐवजी कॉइल स्प्रिंग.

खरी गंमत विक्रीत होती. इंग्लंडमध्ये तेव्हा तयार गाडीवर जबरदस्त कर होता, पण सुट्या भागांवर तो लागत नव्हता. मग लोटस गाडी विकायचीच नाही, गाडीचे भाग विकायची. गिऱ्हाईकानं खोकं घरी न्यायचं, भंगारातनं इंजिन-गिअरबॉक्स आणायचा आणि अंगणात गाडी जोडायची. 1957 ला याच वाटेवर आली लोटस सेव्हन, वजन 500 किलोच्या आसपास. नोकरदार पोरं आठवडाभर ऑफिसला आणि रविवारी रेसला तीच गाडी न्यायची. लोटसनं सोडून दिल्यावर 1973 पासून केटरहॅम कंपनी तीच गाडी बनवत आलीये.

सेव्हनच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये चॅपमनचा हात दिसतो. वळणावर गाडी झुकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो, त्याला अँटी रोल बार म्हणतात. चाक जागेवर धरायला वरच्या बाजूला एक आर्म लागतो. चॅपमननं हिशोब केला की तो दांडाच आर्मचा अर्धा भाग म्हणून वापरता येईल. दोन भागांचं काम एकाच भागात, खर्च कमी आणि वजनही कमी. दुसऱ्या गाड्यांत मागच्या चाकांसाठीही त्यानं असंच केलं. इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा शाफ्ट तिथं असतोच, मग चाकाला आडवं धरायचं कामही त्यालाच का देऊ नये? या रचनेला आजही चॅपमन स्ट्रट म्हणतात.

1962 ला लोटस एलान आली आणि तिनं एक मोठा गैरसमज मोडला. आजही बऱ्याच जणांना वाटतं की गाडी कडक केली की हँडलिंग सुधारतं. एलानच्या स्प्रिंग मऊ होत्या. गाडी खड्ड्यावरून सहज जायची आणि तरीही वळणावर चिकटून राहायची. कारण गाडी हलकी, मणक्यासारखी एकच ताठ चासी, आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर स्प्रिंगला बरोबर जुळवलेले. पुढच्या सस्पेन्शनमधले काही भाग तर ट्रायम्फच्या साध्या गाडीवरून घेतलेले. पुढं जपानच्या माझदानं एमएक्स फाइव्ह बनवली तेव्हा नजरेसमोर हीच एलान होती.

रेसिंगमध्ये तर कहरच झाला. चॅपमनच्या हयातीत लोटसनं फॉर्म्युला वनच्या 7 कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप जिंकल्या. जिम क्लार्क, ग्रॅहम हिल, योकेन रिंट, एमर्सन फिट्टीपाल्डी, मारिओ आंद्रेत्ती असे पाच ड्रायव्हर त्याच्या गाडीत चॅम्पियन झाले, त्यात क्लार्क दोनदा. 1965 ला क्लार्कनं अमेरिकेत जाऊन इंडियानापोलिस 500 जिंकली, तीही 200 पैकी 190 फेऱ्या पुढं राहून.

इथवर गोष्ट एकदम झकास आहे. पण इथंच थांबलो तर अर्धीच सांगितल्यासारखं होईल.

वजन कमी करत जायचं, तर कुठं थांबायचं? चॅपमनचा कल असा होता की एखादा भाग जेवढा लागतो तेवढाच जाड असावा, त्याहून जाड असेल तर ते फुकटचं वजन. कागदावर बरोबर आहे. पण कागदावर गंज नसतो, वेल्डिंगमधली चूक नसते, दहाव्या रेसनंतर आलेला बारीक तडा नसतो.

1960 ची गोष्ट. 29 मे ला स्टर्लिंग मॉसनं मोनॅकोत लोटस 18 घेऊन लोटसच्या गाडीला फॉर्म्युला वन वर्ल्ड चॅम्पियनशिपमधली पहिली रेस जिंकून दिली. तीनच आठवड्यांनी बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर सरावात त्याच मॉडेलचं मागचं चाक निखळलं आणि मॉसचे दोन्ही पाय मोडले. त्याच सरावात माईक टेलर नावाच्या ड्रायव्हरच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा वेल्डिंगपाशी तुटला. त्याचं रेसिंग तिथंच संपलं. त्यानं लोटसवर खटला भरला आणि भरपाई मिळवली.

1968 मध्ये लोटसच्या गाड्यांवर मागं उंच पंख आले. चॅपमननं ते बॉडीवर न लावता थेट सस्पेन्शनवर उभे केले, म्हणजे हवेचा दाब स्प्रिंगमध्ये न मुरता सरळ टायरवर जाईल. डोकं भन्नाट होतं. पण 1969 ला बार्सिलोनाच्या माँटजुइक ट्रॅकवर एकाच रेसमध्ये ग्रॅहम हिल आणि योकेन रिंट, दोघांच्या गाडीचे पंख मोडले आणि दोघंही आदळले. रिंट जखमी झाला. लोटसच्या गाड्या वेगवान आहेत, पण थोडं वजन वाढवून मजबूत करा, असं त्यानं चॅपमनला पत्र लिहून कळवलं.

पुढच्या वर्षी लोटस 72 आली. तिच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क चाकात नव्हत्या, आत बॉडीजवळ होत्या. कारण सस्पेन्शनचंच. स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन, म्हणजे चाक, हब आणि ब्रेक, जेवढं कमी तेवढं चाक रस्त्याच्या चढउताराला पटकन साथ देतं. मात्र आतल्या डिस्कपासून चाकापर्यंत ब्रेकचा जोर न्यायला एक शाफ्ट लागतो. 5 सप्टेंबर 1970 ला मॉन्झाच्या सरावात ब्रेक मारताना रिंटच्या गाडीचा तोच शाफ्ट तुटला. गाडी रेलिंगवर गेली. रेलिंगही नीट बसवलेलं नव्हतं. रिंट गेला. त्या वर्षी त्याचे गुण नंतरही कुणाला गाठता आले नाहीत आणि मेल्यानंतर चॅम्पियन ठरलेला तो फॉर्म्युला वनमधला एकमेव ड्रायव्हर आहे.

चॅपमन खुनशी नव्हता. 1968 ला जिम क्लार्क जर्मनीत हॉकेनहाइमला गेला तेव्हा तो आतून तुटला होता, क्लार्क त्याचा जवळचा मित्र होता. पण पुढच्या गाडीत काहीतरी नवीन करण्याची ओढ प्रत्येक वेळी जिंकायची. 1977-78 ला त्यानं गाडीचा तळच असा केला की हवा तिला रस्त्याला चिकटवून धरेल. 1978 ची चॅम्पियनशिप आली. पण त्यासाठी सस्पेन्शन इतकं कडक करावं लागलं की ड्रायव्हरची हाडं खिळखिळी व्हायला लागली. त्यावर उपाय म्हणून त्यानं एकात एक दोन चासी असलेली लोटस 88 काढली, तिच्यावर 1981 ला बंदी आली.

शेवटची वर्षं वाईट गेली. अमेरिकन उद्योजक जॉन डिलोरियनच्या गाडीचं इंजिनीअरिंग लोटसनं केलं होतं. ब्रिटिश सरकारचे पैसे त्यात होते आणि त्यातले लाखो पौंड पनामात नोंदवलेल्या एका कंपनीमार्गे गायब झाले. चौकशीचा रोख चॅपमनकडंही आला. पण 16 डिसेंबर 1982 ला 54 व्या वर्षी त्याला हार्ट अटॅक आला आणि तो गेला. पुढं 1992 ला लोटसचा आर्थिक कारभार बघणारा फ्रेड बुशेल याच प्रकरणात तुरुंगात गेला.

तो गेला त्याच दिवशी इंग्लंडच्या स्नेटरटन ट्रॅकवर लोटसची एक गाडी चाचणी देत होती. तिच्यात चाकं किती वरखाली व्हायची हे नुसत्या स्प्रिंगवर सोडलेलं नव्हतं, सेन्सर आणि हायड्रॉलिक्स ते ठरवत होते. याला अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन म्हणतात. 1987 ला आयर्टन सेन्नानं याच तंत्राच्या लोटसमधून मोनॅको जिंकलं. अ‍ॅक्सल करवतीनं कापण्यापासून सुरू झालेला प्रवास इथवर आला होता.

आता आपल्या कामाचं. चॅपमनच्या आयुष्यातून स्वस्तात हँडलिंग सुधारायचा क्रम स्पष्ट दिसतो. आधी गाडीत जे आहे ते नीट आहे का बघा. टायरमधली हवा, टायरची अवस्था, झिजलेले बुश, ढिले बॉल जॉइंट, गळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, व्हील अलाइनमेंट. डिकीतलं फुकटचं सामान काढा, ते तर मोफत आहे. लोळणाऱ्या गाड्यांचं बरंचसं दुखणं इथंच बरं होतं. त्यानंतरच स्प्रिंग किंवा अँटी रोल बारचा विचार करा आणि स्प्रिंग बदलली तर तिला जुळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बरही बदला.

स्प्रिंग कापू नका. कापलेली स्प्रिंग कडक होते, चाक लटकलं की जागेवरून सुटू शकते, आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरला हलायला जागा उरत नाही. वेल्डिंग, स्टिअरिंग आणि ब्रेक या तीन गोष्टी तर घरी करायच्याच नाहीत. आपल्याकडं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं नोंदणीतल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायलाही मोकळीक नाही, तेव्हा कशालाही हात घालण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

बाकी 25 पौंडांत आणि भंगारातल्या अ‍ॅक्सलवर काय काय होऊ शकतं ते चॅपमननं दाखवून दिलं. आणि थोडं जास्तीचं लोखंड कुठं ठेवायलाच हवं, तेही त्याच्याच गाड्यांनी दाखवलं.